हात मागं घ्या, आश्रुबा

“अक्का, माकडाचा फोन,” असं म्हणत पिंकीनं मोबाइल माझ्या ओल्या हातात कोंबला तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं कमी होती आणि मी कालच्या कुकरच्या बुडाशी भांडत होते. पिंकी माझी मुलगी, वय वर्षं सोळा. ती मला अक्का म्हणते. माझे दोघे भाऊ मला अक्का म्हणतात, ती त्यांच्यात वाढली, म्हणून तीही म्हणते. आई हा शब्द तिनं ताडकळसच्या माझ्या आईला देऊन टाकलाय. लोकांना याची गंमत वाटते. मलाही गंमतच वाटते, असं मी लोकांना सांगते. शाळेच्या स्नेहसंमेलनात ही पोर सगळ्यांसमोर अक्का म्हणून हाक मारते आणि बाकीच्या बायका माझ्याकडे मोठी बहीण म्हणून बघतात, मग मला हसून खुलासा करावा लागतो. गेली दहा वर्षं मी हा खुलासा करते आहे आणि आता त्या हसण्यानं माझे गाल दुखतात.

फोनवर आश्रुबा होते, आमच्या बागेतल्या माकडांचे राखणदार. “मॅडम, सोनी बाळंत झाली,” ते म्हणाले, आणि मी हुश्श करायच्या आत, “पर तिनं लेकरू खाली ठिवलंय. फरशीवर. जवळच घेईना झालीय, नुसती बगायलीय. मी जाऊ का आत?”

“आत जायचं नाही. हात लावायचा नाही. मी आले.”

“फरशी लय थंड हाय मॅडम.”

“आश्रुबा, मी आले म्हटलं ना!”

स्कूटर सुरू होईना. आज होणार नाही हे मला माहीतच होतं. फेब्रुवारीतल्या सकाळी परभणीत हवा अशी असते की सावलीत स्वेटर लागतो आणि उन्हात तोच स्वेटर काढून फेकावासा वाटतो. मी किका मारत होते आणि डोळ्यांपुढे ती फरशी होती. मीच घालून घेतलेली, धुवायला सोपी म्हणून. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी मी धुवायला सोप्या म्हणून करून घेतल्या आहेत. तीस वर्षांपूर्वी एका ट्रस्टनं गावाबाहेर बाग काढली, बागेत चार हरणं, दोन मगरी, मोर आणि माकडं ठेवली, आणि त्या सगळ्यांची डॉक्टर म्हणून गेली नऊ वर्षं मी तिथं आहे. म्हशी-बैलांची डॉक्टर झाले असते तर निदान लोकांना कळलं असतं मी काय करते ते. आमच्याकडची माकडं साधी नव्हेत. काळी, तोंडाभोवती पांढरी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. दक्षिणेतल्या ओल्या जंगलात राहणारी ही जात, आणि आम्ही ती आणून ठेवली मे महिन्यात चव्वेचाळीसला पारा जाणाऱ्या गावात, कूलर आणि ओल्या पोत्यांच्या भरवशावर. जंगलात आता फार थोडी उरलीत, म्हणून पिंजऱ्यात वाढवायची. वाढवायची, हे किती सहज म्हणतात लोक. जशी काही मेथी आहे, टाकली वाफ्यात आणि पाणी दिलं.

गावाला तर यातलं काहीच पटत नाही. “एवढी वानरं हायत की गावात, अजून कशाला वाढिवता?” हा प्रश्न मला लग्नात विचारला गेलाय, बँकेत विचारला गेलाय, दात काढताना डेंटिस्टनं विचारलाय, तेव्हा तर उत्तरही देता येत नव्हतं. पोखर्णीच्या एका शेतकऱ्यानं माझा नंबर कुठून तरी मिळवलाय. तो हरभऱ्याच्या दिवसांत दर आठवड्याला फोन करतो, “मॅडम, तुमची वानरं रानात शिरलीत, घिऊन जा.” ती माझी नाहीत हे सांगून मी थकले. बाहेरची न सांगता, न विचारता वाढतात. झाडावर, पत्र्यावर, देवळाच्या कळसावर आयांच्या पोटाला पिल्लं चिकटलेली. आणि आत, जिथं डॉक्टर आहे, फळं आहेत, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत, तिथं सहा वर्षांत एकही पिल्लू जगलेलं नाही. मागच्या महिन्यात वरून पत्र आलं. जूनअखेरपर्यंत जगलेलं पिल्लू दाखवता आलं नाही, तर आमची तिन्ही काळी माकडं दक्षिणेतल्या दुसऱ्या संग्रहालयात हलवली जातील. ते पत्र आश्रुबांना वाचून दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “सोनीला तिकडची भाषा कशी कळंल?”

सोनी ही सगळी आश्रुबांची करणी. तिची आई तिला जन्म देऊन चौथ्या दिवशी गेली. मी तेव्हा नवीन होते, घाबरलेली होते, आणि आश्रुबा पन्नाशीचे, चार मुली वाढवलेले. त्यांनी ते मूठभर काळं गाठोडं उचललं आणि आपल्या बंडीत घातलं. शेळीचं दूध, ड्रॉपर, कापसाची वात. सोनी सात महिने त्या बंडीत वाढली. आश्रुबा एसटीनं पोखर्णीला घरी जायचे तर ती बंडीत, जेवायचे तर ती बंडीत, त्यांची बायको कडूबाई म्हणायची, मला एक दिस अशी ठिवली नव्हती ह्यांनी. सोनी जगली. पेपरात फोटो आला, फोटोत मीही होते, हसत होते. मग ती मोठी झाली आणि लक्षात आलं की आपण माकड आहोत हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. दुसऱ्या संग्रहालयातून मोठ्या खटपटीनं राजा नावाचा नर आणला, सोबत कंपनीला एक म्हातारी मादी. राजा बिचारा जवळ यायचा, दात दाखवायचा, ओठ हलवायचा, आणि सोनी किंचाळत जाळीशी येऊन आश्रुबांच्या मिशा विंचरत बसायची. एकदा तर आश्रुबा काठी घेऊन आत शिरले आणि राजाला कोपऱ्यात दाबलं. का, तर “पोरीला तरास द्यायलाय.” मी डोकं धरून बसले. ज्यासाठी सरकारी कागद, ट्रक, भुलीची इंजेक्शनं, सगळं केलं, त्यालाच हा माणूस काठीनं हाणतोय. मग मी त्यांना सहा महिने पिंजऱ्याकडे फिरकायची बंदी केली. ते कडुलिंबामागे उभे राहायचे. ते दिसले नाहीत तरी सोनीला त्यांचा खोकला कळायचा.

गेल्या वर्षी तिला पहिलं पिल्लू झालं आणि ते आम्ही मारलं. हो, आम्हीच. मी प्रशिक्षणाला बाहेरगावी होते. दिवस भरत आलेले बघून आश्रुबांनी वैरणीची रिकामी खोली सारवली, खिडकीला पोत्याचे पडदे लावले, उंबऱ्याशी लिंबाचा डहाळा टाकला, कोपऱ्यात शेगडी ठेवली आणि सोनीला तिथं नेऊन ठेवलं. बाळंतिणीची खोली. कुणाची नजर नको, वारा नको, राजाची कटकट नको, त्या म्हातारीची सावली नको. बारा दिवस अंधार. ते प्रेमानंच केलं होतं, यात शंका नाही, आणि प्रेमानं केलेल्या गोष्टीवर नीट ओरडताही येत नाही. ही जात कळपात बाळंत होते. सगळे बघत असतात, मावश्या, आत्या, बहिणी, हात लावतात, हुंगतात, आणि पहिलटकरीण त्यांच्याकडे बघून शिकते. सोनीनं जन्मात पिल्लू बघितलं नव्हतं. अंधारात तिच्या पायांमधून काहीतरी ओलं, ओरडणारं बाहेर आलं आणि ती त्याच्यापासून लांब जाऊन बसली. मी परत आले तेव्हा शेगडीत राख होती. “आश्रुबा, ती बाई नाही, माकड आहे!” मी सगळ्या बागेला ऐकू जाईल अशी ओरडले. पण मी एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. मी निघण्याआधी त्यांनी मला फोनवर विचारलं होतं, “खोलीत ठिवू का तिला निवांत?” आणि मी गाडीच्या गडबडीत म्हणाले होते, ठेवा. कारण मलाही आईनं तसंच ठेवलं होतं, आणि निवांत म्हटलं की मला तीच खोली आठवते.

स्कूटर अखेर सुरू झाली.

पिंजऱ्यापाशी पोचले तर आश्रुबा जाळीच्या बाहेर उकिडवे बसलेले, दोन्ही हात काखेत दाबलेले, जणू हातच आत पळून जातील. आत फरशीच्या मधोमध पिल्लू. ओलं, सुरकुतलेलं, तोंड उघडून ओरडत होतं, आणि त्या आवाजाचा ताल माझ्या ओळखीचा होता. सोनी दोन्ही हात टेकून बसून त्याच्याकडे मान वाकडी करून बघत होती. म्हातारी वरच्या फळीवर. राजा पाठ करून बसलेला, सगळ्या बापांसारखा. मी घड्याळ बघितलं. साडेआठ. कूलर नाही, हिटर नाही, ऊन फरशीवर यायला अजून तासभर. पिल्लू चारेकशे ग्रॅमचं असेल. गार पडायला वेळ लागणार नाही. माझ्या पिशवीत ड्रॉपर होता, दूधपावडर होती, गरम पाण्याची पिशवी होती. मी सगळं आणलं होतं आणि आणलं म्हणून स्वतःवरच चिडले होते.

दिनकररावांचा फोन आला. ते ट्रस्टचे सचिव. “मॅडम, गोड बातमी कळली! हे बघा, काहीही करा, जगलं पाहिजे. हातावर वाढवा, तुमच्या आश्रुबाला अनुभव आहे. पत्रात कुठं लिहिलंय आईनंच वाढवलं पाहिजे म्हणून?” पत्रात तसं लिहिलेलं नव्हतं हे खरंच. उचललं, बंडीत घातलं, की झालं. जूनमध्ये जगलेलं पिल्लू दाखवता येईल, सोनी इथंच राहील, तिला परकी भाषा आड येणार नाही, पेपरात माझा दुसरा फोटो. आणि पाच वर्षांनी हे पिल्लूही आपलं लेकरू फरशीवर ठेवून असंच मान वाकडी करून बघत बसेल. “बघते,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. मला या माणसाचा राग आला नाही, राग यायचा तो त्याच्या म्हणण्यात अक्कल होती याचाच आला.

“दहापर्यंत थांबायचं,” मी आश्रुबांना सांगितलं. “दहापर्यंत तिनं घेतलं नाही तर उचलू.”

“दहाला ते ऱ्हाईल का?”

 पिल्लू ओरडत होतं. किती थोड्या श्वासात किती मोठा आवाज. पिंकी अशीच ओरडायची. मी चोवीस वर्षांची होते, शेवटच्या वर्षाची परीक्षा राहिलेली, आणि ताडकळसच्या त्या खोलीत तीन महिने मी त्या आवाजापुढे मूर्खासारखी बसलेली असायचे. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं वासरू फिरवणारी मी, मला माझंच पोर धरता येत नव्हतं. मान सांभाळायला गेले तर पाय सुटायचे. दूध पाजायला घेतलं तर ती माझ्याकडे बघून अजून जोरात. चुलती मालनबाई एकदा माझ्यामागे बसली, माझ्या हाताखालून आपला हात घातला आणि म्हणाली, “अशी. कोपरावर डोकं. घाबरायलीस कशाला, ती काय चावती व्हय.” तेवढे दोन दिवस जमलं. मग मालनबाई मजुरीला गेली आणि पुन्हा मी आणि ती आरोळी. आणि मग ती सकाळ. एसटीची वेळ झालेली, मी दारात उभी, पिंकी माझ्या हातात लालबुंद होऊन रडतेय, आणि आई आली, “तुला न्हाई जमायचं, दे इकडं,” म्हणाली आणि माझ्या हातातून ओढून घेतली. टोपड्यावर ज्वारीचं पीठ लागलेलं होतं, भाकरी करपल्याचा वास येत होता, हे सगळं मला लख्ख आठवतं. सोळा वर्षं आठवतं. परीक्षा दिली, नोकरी लागली, मग दुसऱ्या गावाची नोकरी, मग हे. पिंकी सहा वर्षांची झाल्यावर सिद्धोधन, माझा नवरा, एका रविवारी ताडकळसला जाऊन तिला घेऊन आला. तोवर ती माझी धाकटी बहीण होऊन बसली होती. आईला मी कधी काही बोलले नाही. पण तिनं केलेली भाजी मला कधीच मनापासून गोड लागत नाही, आणि ती आजारी पडली की मी सगळं करते, अगदी सगळं, फक्त तिच्या डोळ्यांत बघत नाही.

“मॅडम,” आश्रुबा कुजबुजले. “उचललं.”

सोनीनं पिल्लू उचललं होतं. एका हातानं, दंडाला धरून, पिशवी उचलावी तसं.  घे, घे गं बाई, लाव पोटाला. ती चालू लागली. तीन पायांवर, पिल्लू लोंबतंय. ती म्हातारीकडे गेली नाही, फळीवर गेली नाही, गवताच्या कोपऱ्यात गेली नाही. सरळ आमच्याकडे आली. जाळीत खाणं सरकवायची एक खिडकी आहे, तिथवर आली, आणि पिल्लासकट आपला हात त्या खिडकीतून बाहेर काढला. आश्रुबांच्या बंडीच्या दिशेनं. आणि ओठ पुढं काढून ती असा आवाज करत राहिली जो ती केळ मागताना करते.

मला तेव्हा कळलं. ही त्याला टाकत नव्हती. तिच्या माहितीत लेकरं अशीच वाढतात. बंडीत. लेकराची जागा तिला पक्की ठाऊक होती आणि ती ते इमानदारीनं जागेवर पोचवत होती.

आश्रुबांचे हात काखेतून सुटले होते. तळवे पसरलेले, पिल्लापासून चार बोटांवर. पिल्लाचा रडण्याचा आवाज बारीक झाला होता.

“आश्रुबा, हात मागं घ्या.”

“मॅडम, ती द्यायलीय.”

“मागं घ्या.”

“आवो ती स्वताच्या हातानं द्यायलीय! मरंल ते! तुमाला काय, तुमी कागद लिहिणार!” ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मिशीत मुरत होतं. “माझं नातवंड हाय ते.”

“म्हणूनच,” मी म्हणाले. माझाही आवाज ओरडल्यासारखाच निघाला. “तुम्ही घेतलंत तर तिला कधीच येणार नाही. कुणीतरी एकदा घेऊ नका. कुणीतरी एकदा नाही म्हणा तिला! मागं घ्या हात!”

त्यांनी घेतले. कसे घेतले कोण जाणे. उठले, पाठ केली आणि कडुलिंबाच्या पलीकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सोनीचा हात तसाच खिडकीबाहेर. तिनं माझ्याकडे बघितलं. मी माझे हात पाठीमागे धरले, एकात एक घट्ट. ती केळ मागायचा आवाज करत होती, मी बघत होते, आणि मनात मी तिला अशा शिव्या देत होते ज्या मला येतात हे मलाही माहीत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मोबाइलमध्ये बघितलं तर नंतर कळलं, अकरा मिनिटं. मी म्हशीची रात्रभराची बाळंतपणं केली आहेत, पण अकरा मिनिटं एवढी लांब असतात हे मला ठाऊक नव्हतं.

मग तिचा हात दमला असावा, एवढंच. ती काही समजली वगैरे नाही. तिनं हात आत घेतला आणि पिल्लू मांडीपाशी आलं, आणि त्या पिल्लानंच, त्या चारशे ग्रॅमनंच, तिच्या दंडावरचे केस मुठीत धरले. ती दचकली. सोडवायला गेली तर त्यानं दुसऱ्या हातानं धरलं. ती एक बोट सोडवी, ते दोन लावी. वर चढलं, पोटावर आलं, उलटंच, डोकं खाली, पाय तिच्या छातीशी. म्हातारी फळीवरून उतरली, शेजारी येऊन बसली आणि सोनीची पाठ विंचरू लागली. सोनीचा हात, ज्यानं ती इतका वेळ त्याला ढकलत होती, तो कुठं ठेवावा हे न कळून पिल्लाच्या पाठीवर राहिला. पिल्लू हळूहळू सरकत सरकत आपणच सुलटं झालं आणि त्याला जे पाहिजे होतं ते सापडलं. आवाज थांबला. दहा वाजायला अजून वेळ होता.

“घेतलं का?” आश्रुबांनी भिंतीकडेच तोंड ठेवून विचारलं.

“घेतलं. आधी उलटं घेतलं होतं.”

“उलटं तर उलटं. पितंय का?”

“पितंय.”

मी सिमेंटच्या बाकावर बसले.  आनंद व्हायला हवा होता, आणि मला संताप आला होता, जुना, सोळा वर्षं पुरून ठेवलेला. त्याच तिरीमिरीत मी ताडकळसला फोन लावला. आई बाहेर शेण भरत असावी, धापा टाकत बोलली, “काय गं बबिता? भर कामाच्या टायमाला?”

“आई, तू पिंकीला माझ्या हातातून का घेतलीस?”

“कवा?”

“मी परीक्षेला निघाले त्या दिवशी. दारात. तुला जमायचं नाही म्हणालीस आणि ओढून घेतलीस.”

 म्हशीच्या साखळीचा आवाज आला.

“म्या कुटं दारात व्हते?” ती म्हणाली. “म्या चुलीम्होरं भाकरी थापायले व्हते. तूच आलीस आत. म्हणलीस, मला न्हाई जमायचं, तूच घे. म्या म्हणलं थांब बाई, हात पिठाचे हायत, धुते. तू थांबलीस का? ठिवलीस तशीच माझ्या मांडीवर. टोपडं पिठानं भरलं, तव्यावरली भाकरी करपली, अन् तू गेलीस पळत.”

पीठ. दारात उभ्या असलेल्या माझ्या आठवणीत ते पीठ कुठून आलं होतं, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. माझे हात तेव्हाही मोकळे झाले असतील, आणि एसटीत खिडकीशी बसल्यावर मला किती हलकं वाटलं असेल, तेही आता कुठून तरी आठवायला लागलं.

“मग परत का दिली नाहीस?” मी विचारलं. माझा आवाज अगदी पिंकीसारखा आला.

“मागितलीस कवा?” आई म्हणाली. त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. मग तिनं विचारलं, “जेवलीस का?”

कडुलिंबाच्या पलीकडून आश्रुबा पाठमोरेच विचारत होते, “मॅडम, वळू का आता?” मी फोन कानाला तसाच धरून बसले होते.